तुळईवरची नावं

वरच्या घराच्या माजघरात, घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीच्या डोक्यावर एक काळीभोर तुळई होती. तिच्यावर अकरा नावं कोरलेली होती, सहा पुरुषांची आणि पाच बायकांची. पुरुषांची लॅटिन, बायकांची जुनी जर्मन. कुणी कोरली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात मूल झालं की त्यांतलं एखादं मोकळं नाव बघायचं आणि त्याच्याखाली चाकूने एक उभी खाच पाडायची. माणूस गेला की कबरीशी उभं राहून घरातल्या थोराने ते नाव तीनदा मातीत म्हणायचं आणि घरी येऊन खाचेवर आडवी रेघ मारायची. मग ते नाव पुन्हा मोकळं. नवं नाव करायचं नाही, एक नाव दोघांनी वापरायचं नाही. फेर्नाख गावात सगळीच जुनी घरं असं करत, पण अकरा नावं फक्त वरच्या घराची.

नोटबुर्गा याच घरची लेक. भाऊ नव्हता म्हणून तिला घरजावई आणला. तो आला तसाच गुपचूप एका हिवाळ्यात गेला, आणि तेव्हापासून ते घर नोटबुर्गाच्या जिभेवर चाललं. शाळेत ती दोन हिवाळे गेली होती. अक्षरं लावता येऊ लागली तेवढी तिला पुरली. मध्ये काही वर्षं इटलीच्या सरकारने इथल्या जर्मन बोलणाऱ्या सगळ्यांची नावं इटालियन करून कागदावर चढवली, तेव्हा तिने तो कागद चुलीत घातला. तुळईला कुणी हात लावला नाही.

तिचा थोरला वीगिल एकोणीस वर्षांचा असताना बर्फात गेला. जूनमध्ये गावची मेंढरं वरचा बारमाही बर्फ ओलांडून पलीकडच्या कुरणात न्यायची आणि सप्टेंबरात परत आणायची, हा इथला शिरस्ता. मेंढरं पार झाली आणि शेवटी चालणारा वीगिल एका भेगेत पडला. सोडलेला दोर त्याच्यापर्यंत पोचला नाही. खालून थोडा वेळ आवाज येत होता म्हणे. धाकटा कासियान तेव्हा आठ वर्षांचा. वीगिल त्याला चिमण्या म्हणायचा. त्यानंतर त्याला तसं कुणी म्हटलं नाही, आणि वीगिलच्या खाचेवर आडवी रेघही कुणी मारली नाही, कारण पुरायलाच काही नव्हतं.

पंचवीस वर्षांनी कासियानला मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या सकाळी कासियान चाकू घेऊन तुळईखाली उभा राहिला.

"फ्लोरियान मोकळं आहे," तो म्हणाला.

"वीगिल," नोटबुर्गा म्हणाली.

"आई, दादाच्या खाचेवर रेघ नाही अजून."

"मग काय नाव बर्फात गोठवून ठेवायचं? वरच्या घराचा थोरला वीगिलच असतो. माझे आजोबा वीगिल, त्यांचे आजोबा वीगिल. फ्लोरियान म्हणे! फ्लोरियान दर दुसऱ्या गोठ्यात एक सापडतो."

उर्बान दारात उभा होता. चर्चची घंटा वाजवायची आणि कबरी खणायच्या, ही दोन कामं तो चाळीस वर्षं करत होता. त्याने टोपी काढून हातात धरली. "नोटबुर्गा, ते नाव मातीत म्हटलेलं नाही. ज्याचं आहे तो अजून वापरतोय ते."

"तू आपल्या कबरी खण. माझ्या तुळईत तोंड घालू नकोस."

कासियानने आईकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि जुन्या खाचेला लागून नवी खाच पाडली.

दुपारी जेवायला नवे पाद्री आले होते, फादर रेमिगियुस. त्यांना नावांचं वेड. समोर सातूच्या सारात पावाचे गोळे वाफाळत होते आणि हे तुळईकडेच बघत बसले होते.

"आमचं राहू द्या, तुमच्या नावाचा अर्थ काय?" नोटबुर्गाने विचारलं.

"वल्ही मारणारा. नावाडी."

"या डोंगरात? होडी कुठे बांधलीत, फादर?"

सगळे हसले. फादरही हसले. उर्बान म्हणजे शहरवाला, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तर कासियानला ठसकाच लागला, कारण उर्बान जन्मात ओढ्यावरच्या पुलापलीकडे गेलेला नव्हता. मग सून गीझेलाने आपलं विचारलं.

"गीझेला म्हणजे ओलीस," फादर म्हणाले. "दोन राजांची लढाई थांबली की शब्द मोडू नये म्हणून एकाने दुसऱ्याकडे ठेवलेलं माणूस."

"मग बरोबर आहे," नोटबुर्गा म्हणाली. "हिच्या बापाने परत न्यायचं नावच काढलं नाही."

गीझेला वाढता वाढता म्हणाली, "ते आले होते, आई. मीच नाही म्हटलं. तुमची बोलणी खायला इथे कोण उरलं असतं?"

नोटबुर्गाला उत्तर आवडलं. पण तसं तोंडावर दाखवेल तर ती नोटबुर्गा कसली.

"तुमच्या नावात नोट म्हणजे संकट आणि बुर्ग म्हणजे गढी," फादर तिला म्हणाले. "संकटात जिच्या आड लपावं ती."

"हे कळायला लॅटिन कशाला शिकायला पाहिजे?"

"हे लॅटिन नाही, जर्मन आहे."

"तेच ते. आणि वीगिल?"

"ते लॅटिन. जागा राहणारा."

सगळ्यांनी पाळण्याकडे बघितलं. बाळ जागं होतं. चर्चमध्ये टाळूवर गार पाणी पडलं तेव्हाही ते रडलं नव्हतं. तेव्हा जसं बघत होतं तसंच आताही वर बघत होतं, जणू त्याच्या डोक्यावर फार उंच कुठेतरी उजेडाची एक चीर आहे.

*

बाळ झोपत नव्हतं.

आधी गीझेलाला वाटलं, पोटात दुखत असेल. बडीशेपेचं पाणी झालं, खसखशीच्या बोंडाचा काढा झाला. बाळ रडत नव्हतं, कुरकुरत नव्हतं. नुसतं डोळे उघडे ठेवून पडून राहायचं. डॉक्टरने खालच्या गावातून येऊन तपासलं आणि मूल ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. उघड्या डोळ्यांनी झोपत असेल म्हणाला. नोटबुर्गाला ते पटलं. सशाची पिल्लं झोपतात तशी, मग माणसाचं का नाही झोपणार?

पोराचे पाय मात्र गार असायचे. भट्टीजवळ ठेवा, विटा तापवून ठेवा, पाय गारच. पाळण्यातली गादी सकाळी ओली असायची. पोरं गादी ओली करतातच. पण ही ओल पायथ्याशी असायची आणि तिला वास नसायचा. गीझेलाने चादर वाळत टाकली की तिच्यावरून राखाडी रेती झडायची, पिठासारखी बारीक. वरच्या बर्फाखालून ओढा निघतो, त्याच्या पाण्यात असते तशी.

"तू कपडे ओढ्यावर धुतेस, म्हणून," नोटबुर्गा म्हणाली.

"मी विहिरीवर धुते, आई."

"मग विहिरीत आली असेल."

पोरगं चालायला लागलं, बोलायला लागलं. तीन वर्षांचं असताना एकदा कासियान गोठ्यातून आत आला तर त्याने मान वर करून म्हटलं, "चिमण्या, दार लाव. वारा येतो."

कासियानने दार लावलं. मग तिथेच दाराला पाठ लावून तो खाली बसला.

"तूच कधीतरी बोलला असशील त्याच्यासमोर," नोटबुर्गा म्हणाली.

"मी कुणाला सांगणार, आई? लाज वाटते मला त्या नावाची."

पाचव्या वर्षी, जूनमध्ये, गावची मेंढरं बर्फावर निघाली तो दिवस. कासियान मेंढरांबरोबर गेला होता. गीझेलाला पुन्हा दिवस गेलेले, ती ओसरीवर बसून लोकर विंचरत होती. ऊन चांगलं कडक होतं. पोरगं अंगणात काटक्यांशी खेळत होतं. खेळता खेळता ते खाली बसलं, मग आडवं झालं आणि दोन्ही हात त्याने डोक्यावर धरले.

"काय रे झालं?" नोटबुर्गाने विचारलं.

"मेंढरं चाललीत."

"कुठे?"

"माझ्यावरून."

बराच वेळ ते तसंच पडून होतं. मग हात काढून उठून बसलं आणि म्हणालं, "गेली." संध्याकाळी कासियानचा निरोप आला: मेंढरं सुखरूप पार झाली. किती वाजता, ते नोटबुर्गाने विचारलं नाही.

त्या दिवसापासून पोराच्या पायांचा गारठा वर चढू लागला. आधी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. कातडी निळसर दिसायची. जुलैत ते चालेनासं झालं. या वेळी डॉक्टरने नुसती बॅग बंद केली. गीझेलाने त्याला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन सासूसमोर उभी राहिली. "हिवाळा काढणार नाही म्हणतात," ती म्हणाली. "तुमच्या वीगिलपायी माझा वीगिल चाललाय, आई."

नोटबुर्गाने भट्टीवरची तापलेली वीट फडक्यात गुंडाळली आणि पोराच्या पायाशी ठेवली.

*

तो उन्हाळा गावाने कधी बघितला नव्हता इतका तापला. सप्टेंबरात मेंढरं परत आणताना बर्फाच्या काठावर कासियानला आपला भाऊ सापडला.

त्याला शिडीवर घालून आणला आणि चर्चमागच्या खोलीत ठेवला. नोटबुर्गा सकाळी गरम पाण्याची बादली घेऊन गेली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचाच होता. ती एकोणसत्तर वर्षांची. मिशी फुटायला लागली होती ती तशीच, सदऱ्याला तिने लावलेलं ठिगळ तसंच. डोळे मात्र मिटलेले, आणि चेहऱ्यावर पोटभर झोपलेल्या माणसाचा तजेला. तीस वर्षं याला छान झोप लागली होती. नाही, पाच वर्षं, नातू जागा आहे तेवढीच, तिच्या मनात आलं, आणि तिने तो विचार तिथेच थांबवला.

उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. गरम पाणी ओतून ओतून तिने एकेक बोट सोडवलं. आत लोकरीचा छोटा मोजा होता. लाल. टाचेशी दोन टाके जादा घेऊन वळवलेला. तशी टाच गावात एकटी नोटबुर्गा वळवायची. नाताळात तिने नातवाला विणलेला जोड, त्यातला एक फेब्रुवारीत हरवला होता.

तिने मोजा पिळला आणि परकराच्या खिशात घातला. मग मुलाचं अंग पुसून घेतलं, केस विंचरले, भांग पाडला.

बाहेर उर्बान फावड्याला टेकून उभा होता. "उद्या सकाळी नऊला कबर तयार होईल," तो म्हणाला.

"बरं."

"नाव काय म्हणणार?"

तिने बादलीतलं उरलेलं पाणी गवतावर ओतलं.

"नोटबुर्गा, वीगिल म्हटलंस तर मातीत नाव जाईल आणि त्याच्यामागे धाकटा वीगिल जाईल. नाही म्हटलंस तर हा मातीत राहणार नाही. नावाशिवाय कुणी राहत नाही. धाकट्याच्या उशाशी येऊन बसेल."

"दुसरं एखादं म्हणते. फ्लोरियान."

"ते मोकळं आहे. मोकळं नाव मातीला चालत नाही. कुणीतरी अंगावर वागवलेलं पाहिजे." फावड्याच्या दांड्याकडे बघत तो पुढे म्हणाला, "मी सांगितलं होतं तेव्हा तू मला कबरी खणायला सांगितलंस. खणतोय."

"टोमणा मारायला बरा वेळ काढलास," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

ती घरी गेली. नातू भट्टीजवळच्या बाकावर पडला होता. तिने त्याच्या मांडीला हात लावला. गारठा गुडघ्याच्या वर आला होता.

"आजी," तो म्हणाला, "मला झोपायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं. फादर रेमिगियुस यांनी लॅटिनमधलं सगळं म्हटलं आणि बाजूला झाले. आता घरातल्या थोराने पुढे व्हायचं. नोटबुर्गा कबरीच्या अगदी काठाशी गेली. मूठभर माती उचलली.

"नोटबुर्गा," ती म्हणाली, आणि माती टाकली.

लोकांना वाटलं, म्हातारी चुकली. कासियानने तिचा दंड धरला. तिने तो झटकला आणि दुसरी मूठ टाकली.

"नोटबुर्गा."

गीझेला हुंदका देऊन काहीतरी म्हणाली. फादर म्हणाले, "नोटबुर्गाबाई, असं चालत नाही."

"तुमच्या पुस्तकात तुम्हाला हवं ते लिहा, फादर. माती आमची आहे." आणि तिसरी मूठ: "नोटबुर्गा."

वरच्या घराच्या कबरीवर नुसतं नाव लिहितात. आडनाव नाही, साल नाही. लोहाराने लोखंडी क्रूसावरच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तेवढं नाव लिहिलं आणि तो निघून गेला. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं. बरोबर होतं.

घरी आले तर बाकावर नातू डोळे मिटून पडला होता. गीझेला किंचाळली. मग सगळ्यांनी ऐकलं: पोरगं घोरत होतं. नोटबुर्गाने पांघरूण वर करून बघितलं. पाय गुलाबी होते. तळव्यांना घाम आला होता.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "झोपू द्या त्याला. दार लावा."

कासियानने तुळईवर नोटबुर्गाच्या खाचेवर आडवी रेघ मारली. मारायचीच असते. तिनेच त्याला चाकू दिला.

*

त्या रात्री जेवायला गीझेलाने तीन वाट्या मांडल्या. मग जीभ चावून म्हणाली, "अगं बाई, आई, तुमची राहिलीच की!" आणि चौथी आणली.

चार दिवसांनी पुन्हा तीनच मांडल्या. नोटबुर्गाने टोमणा मारला, तेव्हा गीझेलाने चौथी आणून ठेवली, पण टेबलाच्या भलत्याच कोपऱ्यावर.

पोरगं धावायला लागलं. गालांवर लाली आली. ते दिवसाही झोपायचं, रात्रीही झोपायचं, आणि उठलं की भूक भूक करायचं. नोटबुर्गा त्याच्याकडे बघत बसायची. तिला वाटायचं, आपण जिंकलो. उर्बानला एकदा तोंडावर सांगायला हवं. ती मुद्दाम चर्चकडे गेली आणि मनसोक्त बोलली. उर्बान तिच्या कबरीवरचं गवत काढत होता. त्याने मान वर केली नाही. रुसलाय मेला, तिला वाटलं.

ऑक्टोबरात तिच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग येऊन बसला. "हे उचल," ती गीझेलाला म्हणाली. गीझेला कणीक मळत होती. मळतच राहिली. नोटबुर्गाने आवाज चढवला. या आवाजाने पूर्वी गोठ्यातल्या गाई माना वळवायच्या. भट्टीखालचं कुत्रं कूस बदलून झोपलं.

तिने स्वतः ढीग उचलायला हात घातला. कपडे फार जड होते. तिचे पाय गार पडले होते. वय झालं, ती मनाशी म्हणाली.

महिनाअखेरीस गीझेलाला मुलगी झाली. कासियान चाकू घेऊन तुळईखाली उभा राहिला.

"कुठलं मोकळं आहे?" गीझेलाने अंथरुणातून विचारलं.

कासियानने बोट फिरवलं. "वालबुर्गा आहे. आणि हे, नोटबुर्गा."

"नको," नोटबुर्गा म्हणाली.

"तेच ठेवा," गीझेला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "त्यांच्यामुळे पोरगं वाचलं. कितीही बोलल्या तरी माझ्यासाठी गढी होत्या त्या."

"नको! अरे, ते मोकळं नाही! मी इथे उभी आहे! कासियान! अरे चिमण्या!"

कासियानचा हात थबकला. त्याने दाराकडे बघितलं. मग जाऊन दार नीट लावून घेतलं, आणि खाच पाडली.

*

मृतांच्या दिवशी दुपारी सगळं गाव कबरस्तानात जातं. घरात भट्टी पेटती ठेवतात आणि टेबलावर दुधाची वाटी आणि काळ्या पावाचा तुकडा, गेलेल्या माणसांसाठी. गीझेलाने बाळाला शालीत गुंडाळलं. जिचं नाव घेतलं तिच्या कबरीवर मूल दाखवून आणायचं असतं. कासियानने पोराचं बोट धरलं. नोटबुर्गा दारापर्यंत गेली. "बाळाला नेऊ नका, गारठा आहे," ती म्हणाली. "निदान मी घेते तिला, द्या इकडे." तिने हात पुढे केला. बाळाने टक लावून तिच्याकडे बघितलं. दार लागलं.

घर शांत झालं. भट्टीला टेकून बसली तरी तिच्या पायांत ऊब येईना. भूक लागली होती. कित्येक दिवसांत तिच्यापुढे वाटी आली नव्हती. तिने टेबलावरचं दूध बघितलं. थोडा वेळ हट्टाने बसून राहिली. मग उठली आणि उभ्याउभ्या डाव्या हाताने वाटी तोंडाला लावली.

संध्याकाळच्या आधी सगळे परत आले. पोरगं आधी टेबलाकडे धावलं. "आई, वाटी रिकामी!"

गीझेलाने छातीवर क्रूसाची खूण केली. "आजी येऊन गेली, बाळा," ती म्हणाली. वाटीच्या तळाशी राखाडी रेती बसली होती. तिने ती धुऊन पालथी घातली.

पोरगं जांभया देत बाकावर लवंडलं आणि लगेच झोपलं. गीझेलाने शाल सोडून बाळाला पाळण्यात ठेवलं. बाळ रडलं नाही. वर बघत राहिलं.

"ही कशी झोपत नाही सकाळपासून," ती म्हणाली. मग तिचा पाय हातात घेऊन थबकली. "किती गार पडलाय. आणि अगं बाई, हिचा एक मोजा कुठे गेला?"

"कबरस्तानात पडला असेल," कासियान म्हणाला. "उद्या बघतो."

नोटबुर्गा भट्टीजवळ उभी होती. तिची उजवी मूठ दुपारपासून मिटलेली होती, आणि बोटं काही केल्या उघडत नव्हती.